क्रँकबेट तेच, रंग तोच, तरी वॉलआय शेजारच्याच बोटीवर

क्रँकबेट म्हणजे ओढलं की बुडून डोलत पोहणारा नकली मासा, आणि वॉलआय म्हणजे त्यावर झडप घालणारा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आधी लक्षणं. यातलं एकही जुळत नसेल तर हे वाचत बसू नका, पाण्यावर जा.

शेजारची बोट तुमच्याच वेगाने, तुमच्याच दिशेने चालली आहे. त्यांच्या जाळीत थोड्या थोड्या वेळाने वॉलआय येतोय आणि तुमच्याकडे सकाळपासून दोन शीपहेड आणि एक वीतभर व्हाइट पर्च. किंवा बोटीच्या डाव्या बाजूचे रॉड वाकतायत, उजवीकडचे ढिम्म. किंवा वळण घेतलं की दोन दोऱ्यांचा गुंता होतो, आणि दर वेळी त्याच दोघींचा. किंवा धक्क्यावरून कास्ट करताय (फेकून परत गुंडाळताय), खोक्यावर 'वीस फूट' छापलेलं आहे आणि बारा फूट पाण्यात ते क्रँकबेट एकदाही तळाला टेकत नाही. किंवा मासा लागतो, दोनदा डोकं झटकतो आणि जाळी पुढे करेपर्यंत सुटतो.

या सगळ्यावर आपला उपाय ठरलेला: डबा उघडायचा आणि रंग बदलायचा. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. माझ्याकडे आता जांभळी अकरा क्रँकबेट आहेत.

मी मूळचा मालवणचा, आता अमेरिकेत क्लीव्हलँडजवळ राहतो आणि एरी सरोवरावर वॉलआयच्या मागे फिरतो. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा गरीला कोळंबी टोचली की आपलं काम संपलं. कोळंबीला पोहायला शिकवावं लागत नाही. प्लास्टिकच्या माशाला लागतं, आणि सगळी गोची तिथेच आहे. मंडळातल्या पोरांचे दर शनिवारी बोटीवरून फोन येतात, "दादा, रंग कुठला लावू?" मी विचारतो, "दोरी किती बाहेर आहे?" पलीकडे शांतता. मासा न लागण्याचं कारण मला बहुतेक वेळा रंगात सापडत नाही. क्रँकबेट जिथे आणि जसं चाललंय असं आपल्याला वाटतं, तिथे आणि तसं ते चाललेलंच नसतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर, अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. मी मोडला होता, म्हणून ती अकरा जांभळी.

रॉडचं टोक बघा (फुकट, दहा सेकंद)

क्रँकबेट नीट चाललं असेल तर रॉडचं टोक एकसारखं थरथरतं. प्रत्येक क्रँकबेटची थरथर वेगळी असते. रुंद, शॅड माशाच्या आकाराचं जोरात ठोके देतं, बारीक लांबट जर्कबेट (झटके देऊन चालवायचं) नुसतं कुजबुजतं. पाण्यात सोडल्यावर पहिल्या मिनिटात ती लक्षात ठेवा. थरथर मंदावली, तुटक झाली किंवा थांबली की क्रँकबेटवर काहीतरी बसलंय: पान, शेवाळ, नाहीतर करंगळीएवढा पर्च, जो लागल्याचं तुम्हाला कळलंही नाही. एवढासा मासा ओढत तासभर फिरणारे लोक मी पाहिलेत. त्यांत एकदा मीही होतो.

प्लेनर बोर्ड (दोरी बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) लावला असेल तर टोक फसवतं, कारण बोर्डच दोरी ओढून धरतो. तेव्हा बोर्डाकडे बघा. शेजारच्या बोर्डापेक्षा तो जरासा मागे रेंगाळत असेल तर दोरी आत घ्या.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड आहे. स्पायनी वॉटर फ्ली नावाचा लांब काटेरी शेपटीचा बारीक जीव १९८० च्या दशकात युरोपाकडून या सरोवरांत आला. तो बारीक दोरीवर ओल्या कापसासारखा चिकटतो. दोरी गुंडाळताना त्याचा गोळा रॉडच्या टोकाच्या कडीत अडकतो आणि मासा वीस फुटांवर असताना रील फिरेनासं होतं. नखाने खरवडत बसा, दुसरा इलाज नाही. त्या दिवसांत जाड मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉनची दोरी) वापरणारे शहाणे, पण जाड दोरीने क्रँकबेट वर उचललं जातं. त्याचं पुढे बघू.

गाठ आणि स्नॅप (फुकट, एक मिनिट)

नाकाच्या कडीला दोरी घट्ट आवळून बांधली की क्रँकबेटची मान आखडते आणि डोलणं मरतं. एकतर सैल फासाची गाठ मारा, नाहीतर बारीक गोल तोंडाचा स्नॅप (उघडझाप होणारी कडी) लावा. भिरकीवाला जाडजूड स्नॅप नको. तो नाकावर वजन टाकतो, आणि बाल्साच्या हलक्या लाकडाचं क्रँकबेट असेल तर फरक लगेच दिसतो. गाठीच्या वर चार फूट दोरी बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. खरखरीत लागली तर कापून टाका. तळाला झेब्रा मसल नावाचे शिंपले असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या चालतात.

बोटीच्या कडेने पोहवून बघा (फुकट, पक्कड हवी)

एकच तपासणी करणार असाल तर ही करा.

नवं असो वा जुनं, प्रत्येक क्रँकबेट सोडण्याआधी सहा-सात फूट दोरीवर बोटीच्या कडेने ओढून बघा. सरळ, नाक खाली घालून जायला हवं. मग इंजिन थोडं वाढवा, तुम्ही ज्या वेगाने फिरणार त्याहून ताशी अर्धा मैल जास्त. मंद वेगात सगळीच सरळ चालतात, खोड बाहेर येते ती वेग वाढल्यावर. जे एका अंगावर कलतं किंवा एका बाजूला पळतं ते कधीच पूर्ण खोल जात नाही. शंभर फूट मागे ते तिरकं जाऊन शेजारच्या दोरीत शिरतं. तोच तो वळणावरचा गुंता.

दुरुस्ती अशी. क्रँकबेटचं तोंड आपल्याकडे करून धरा. ओढताना ते तुमच्या डावीकडे पळत असेल तर नाकावरची कडी पकडीने उजवीकडे वाकवा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. किती? डोळ्याला जेमतेम दिसेल इतकी. परत पोहवा, परत बघा. कडी पिळायची नाही, फक्त कलवायची. पिळली की ती प्लास्टिकमध्ये सैल होते आणि ते क्रँकबेट गेलंच समजा. चार वेळा करूनही सरळ होत नसेल तर जीभ तपासा. जीभ म्हणजे पुढची प्लास्टिकची पाटी, जिला इथे बिल म्हणतात. तिला चीर असेल, कडेचा टवका उडाला असेल किंवा ती तिरकी बसली असेल तर ते क्रँकबेट भिंतीवर टांगा. मोठा मासा आला की कडी वाकते, खडकावर आपटलं की वाकते, जाळीतून हुक सोडवताना तर हमखास वाकते. म्हणून मासा काढल्यानंतरही एकदा पोहवून बघायचं. बहुतेक जण नेमकं तेव्हाच विसरतात, कारण तेव्हा फोटो काढायचे असतात.

हुक (फुकट, नाहीतर काही डॉलर)

हुकचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बदला. वॉलआयच्या तोंडात दात आणि हाड, मऊ जागा कमी. जाळीपाशी मासे सुटतात त्यामागे बोथट हुक असतं, किंवा ताठ रॉड आणि न ताणणारी ब्रेडेड (विणलेली) दोरी अशी जोडी असते. ट्रोलिंगचा, म्हणजे चालत्या बोटीमागे क्रँकबेट ओढायचा, रॉड लांब आणि मध्यापर्यंत वाकणारा हवा. ब्रेड वापरत असाल तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवा.

वेग (फुकट, पण संयम लागतो)

जीपीएसवर दिसतो तो जमिनीवरचा वेग. क्रँकबेटला कळतो तो पाण्यातला. एरीवर वारा आणि प्रवाह असे असतात की पूर्वेकडे जाताना ताशी दोन मैलांच्या वेगावर मासे आणि त्याच रेषेत परत येताना त्याच वेगावर शुकशुकाट. अशा वेळी आकडा विसरा, रॉडच्या टोकाची थरथर जुळवा.

ढोबळ अंदाज असा: बर्फ वितळल्यावरच्या गार पाण्यात ताशी एक ते दीड मैल, जुलै-ऑगस्टमध्ये दोन ते अडीच. नेमका वेग मासेच सांगतात. बोट सरळ न चालवता सापासारखी वळवा. वळणाच्या आतल्या बाजूची क्रँकबेट मंदावतात, बाहेरची वेग घेतात. आतल्यांना मासा लागला तर हळू व्हा, बाहेरच्यांना लागला तर जोर वाढवा.

कास्टिंगमध्ये वेग म्हणजे तुमचं मनगट. बहुतेकांचं भरभर फिरतं. गार पाण्यात पाण्याच्या मधोमध तरंगत थांबणारं जर्कबेट घ्या, दोन झटके द्या आणि मग काहीच करू नका. तीन सेकंद, पाच सेकंद. वॉलआय त्या थांब्यातच घेतो.

हे क्रँकबेट कास्टिंगचं की ट्रोलिंगचं? (इथून पाकिटाला हात लागतो)

दुकानात सगळी एकाच भिंतीवर टांगलेली असतात, म्हणून एकाच कामाची वाटतात. तशी ती नसतात.

क्रँकबेट बुडतं ते जिभेमुळे. पाणी जिभेवर आपटतं आणि नाक खाली ढकलतं. लांब, अंगाच्या रेषेत पुढे आलेली जीभ म्हणजे खोल. आखूड आणि उभी म्हणजे उथळ. पण खोल जायला त्याला पळायला अंतर लागतं. ट्रोलिंगमध्ये शंभर-दीडशे फूट दोरी मागे असते आणि बोट थांबत नाही, त्यामुळे एकदा खाली गेलेलं क्रँकबेट तासभर त्याच खोलीवर राहतं. कास्टिंगमध्ये तुम्ही नव्वद फूट फेकलंत तर पहिला तुकडा खाली जाण्यात जातो आणि शेवटचा वर येण्यात. पूर्ण खोली मिळाली तर मधे थोडा वेळ. खोक्यावरचा 'वीस फूट' हा आकडा पुष्कळदा लांब दोरीवरच्या ट्रोलिंगचा असतो. धक्क्यावरून त्याच्या निम्म्याला पोचलं तरी नशीब. बारीक अक्षरं वाचा. काही खोकी दोन आकडे छापतात, एक कास्टिंगचा आणि एक ट्रोलिंगचा.

म्हणून मी दोन वेगळे डबे ठेवतो. ट्रोलिंगच्या डब्यात लांब जिभेची, अडीच मैलांवरही न भेलकांडणारी. रीफ रनर किंवा बँडिटची खोल जाणारी क्रँकबेट एरीवर बोटीगणिक दिसतात ती याच कामासाठी. हातात घेतली तर काही इतकी हलकी असतात की वाऱ्यात फेकली तर पायाशी येऊन पडतील; ट्रोलिंगला त्याने काही बिघडत नाही. उलट तीच दिवसभर कास्ट करून बघा, प्रत्येक वेळी बादली ओढल्यासारखं वाटतं आणि दुपारपर्यंत मनगट जातं.

कास्टिंगच्या डब्यात वजन पोटात किंवा शेपटीकडे असलेली, वारा कापत जाणारी. रापालाच्या हस्की जर्कसारखी मधोमध थांबणारी जर्कबेट त्यातच. जीभ मध्यम किंवा आखूड, कारण कास्ट करायचंच तिथे जिथे मासा उथळ पाण्यात आलाय: नोव्हेंबरच्या रात्री ह्युरॉन गावाच्या धक्क्यावर, किंवा पहाटे खडकांच्या रांगेवर. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो. अंधारात त्याला आपल्यापेक्षा बरंच बरं दिसतं, म्हणून तो रात्री शॅडमागे किनाऱ्याला येतो. त्या सहा-आठ फुटांत ट्रोलिंगचं क्रँकबेट फेकलं तर ते नुसतं तळ खरवडत येतं.

एक धोक्याची सूचना. मार्च-एप्रिलमध्ये ओहायोच्या मॉमी आणि सँडस्की नद्यांत तीन काट्यांचं हुक चालत नाही, एकच काटा हवा. म्हणजे नेहमीचं क्रँकबेट त्या दोन महिन्यांत तिथे बाद. किती रॉड लावायचे तेही राज्यागणिक बदलतं: मिशिगनमध्ये माणशी तीन, मिनेसोटात उघड्या पाण्यात एकच. परवाना घेतानाच नियमपुस्तिका वाचा.

दोरी नक्की किती बाहेर आहे? (एक तास आणि मोजपट्टी)

'डावीकडे मासे, उजवीकडे शून्य' या लक्षणाचा चोर मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलाय.

ट्रोलिंगच्या रीलवर फूट मोजणारा काउंटर असतो. तो दोरी मोजतच नाही, स्पूलचे (दोरी गुंडाळलेल्या चाकाचे) फेरे मोजतो, आणि स्पूल काठोकाठ भरलंय असं गृहीत धरतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर धरा. एका फेऱ्यात साधारण १५७ मिलिमीटर दोरी जाते. हंगामभर गाठी कापून, गुंते फेकून व्यास ४० वर आला की फेऱ्याला १२६ मिलिमीटरच. काउंटर सांगतो शंभर फूट, बाहेर आहेत ऐंशी. तुमचं क्रँकबेट माशांच्या खूप वरून चाललंय आणि तुम्ही शेजाऱ्याला छातीठोकपणे सांगताय, "मी पण शंभरावरच आहे."

तपासणी सोपी. मैदानात शंभर फूट मोजपट्टीने आखा. एकेका रीलची दोरी त्या रेषेवर ओढत न्या, काउंटर वाचा, रीलवर चिकटपट्टी लावून आकडा लिहा. सगळी रील एकाच कंपनीची, एकाच दोरीने, एकाच उंचीपर्यंत भरलेली असतील तर निम्मं काम आधीच झालं. खर्च वाचवायचा तर खाली जुनी स्वस्त दोरी भरा आणि वर चांगली.

दोरीची जाडीही खोली ठरवते. जाड दोरीला पाणी जास्त अडतं आणि ती क्रँकबेटला वर ओढते. एका रॉडवर ब्रेड, दुसऱ्यावर मोनो असेल तर काउंटर जुळूनही खोली जुळणार नाही. सगळ्यांवर एकच दोरी ठेवा. कुठली, हा वाद गटारीच्या रात्रीपर्यंत चालेल, पण एकच ठेवा.

मासे क्रँकबेटच्या पोचेबाहेर आहेत का?

एरीचा पश्चिम भाग सरासरी २४ फूट खोल, मधला भाग ६० च्या आसपास. पश्चिमेत नुसतं क्रँकबेट पुरतं. उन्हाळ्यात मासे मध्यात सरकले की ते अधांतरी, चाळीस-पन्नास फुटांवर असतात. तेव्हा वजन लागतं. सोपी पद्धत: पन्नास फूट दोरी सोडा, तिथे दोन औंसाचं शिसं चिमट्याने अडकवा, आणखी पन्नास सोडा. मासा आला की शिसं हाताशी येताच काढून घ्या. दुसरी पद्धत शिशाच्या तारेची दोरी. तिचा रंग दर तीस फुटांना बदलतो, म्हणून लोक 'पाच रंग सोडले' असं बोलतात. (शिसं दोरीवर लावायचं, माशाच्या पोटात नाही. २०२२ मध्ये क्लीव्हलँडच्या एका स्पर्धेत विजेत्या वॉलआयच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले आणि प्रकरण कोर्टात गेलं.)

सोनारवर मासे तीस फुटांवर दिसले तर क्रँकबेट पंचवीसवर चालवा. वॉलआय वर बघून हल्ला करतो, खालून गेलेलं त्याला दिसतही नाही.

आणि हो, रंग. गढूळ पाण्यात भडक, स्वच्छ पाण्यात चंदेरी, रात्री गडद. यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

कुठे थांबायचं

हुक कातडीत वरवर गेलं असेल तर एक वेळ बोटीवर काढता येईल. काटा आत रुतला असेल, सांध्याजवळ किंवा चेहऱ्यावर असेल तर ओढू नका, दोरी कापा आणि दवाखाना गाठा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. कागदी पेला उपडा झाकून ठेवा आणि ९११ ला फोन. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली ते आठवून ठेवा.

इंजिन मंद वेगात वरखाली होत असेल, दीडवर लावलं की एक आणि दोनमध्ये झोके घेत असेल, तर क्रँकबेटला दोष देऊ नका आणि स्वतः कार्ब्युरेटर उघडू नका. मेकॅनिककडे न्या. काउंटर मधेच आकडे गाळत असेल तर आत दाते झिजलेत; ते रील दुरुस्तीवाल्याकडे. मी एकदा घरी उघडलं होतं. एक स्प्रिंग अजून गालिच्यात आहे.

वारा वाढला तर परत फिरा. एरी उथळ आहे, लाटा आखूड आणि उभ्या येतात, छोटी बोट बघता बघता भरते. व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबर चॅनेल सगळ्यांना ऐकू येतो, तो कसा वापरायचा ते निघण्याआधी शिका.

आणि सगळं तपासून तीन फेऱ्या कोऱ्या गेल्या, तर पोर्ट क्लिंटनहून चार्टर (कप्तानासकट भाड्याची) बोट घ्या. ते गाव स्वतःला जगाची वॉलआय राजधानी म्हणवतं आणि दर ३१ डिसेंबरच्या रात्री फायबरग्लासचा मोठा वॉलआय क्रेनने खाली उतरवतं. कप्तानाचे पैसे अकरा जांभळ्या क्रँकबेटपेक्षा जास्त पडतील, म्हणून तिघा-चौघांत वाटून घ्या. जाताना तुमचं एक रील सोबत ठेवा आणि कप्तानाची परवानगी असेल तर बंदरातच दोघांच्या दोऱ्या शंभरावर आणून धक्क्याच्या फळ्यांवर शेजारी शेजारी पसरून बघा.